अँटेना लावून केलेली पीएचडी

मागच्या महिन्यात मीटिंगमध्ये माझ्या पीएचडीच्या गाईड मॅडमनी माझ्या स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, "हे ८० मिलिसेकंद कुठून आले गं?" आणि माझी बोलतीच बंद झाली. माझ्या सिम्युलेटरच्या कॉन्फिग फाइलमध्ये राऊंड ट्रिप टाइम (आरटीटी) ८० मिलिसेकंद असं लिहिलेलं होतं, म्हणजे पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ, आणि तो आकडा मी कुणाच्या तरी कोडमधून जसाच्या तसा उचलला होता. त्याने तो आणखी कुणाकडून तरी घेतला असणार. रात्री बसून माग काढत गेले तर शेवटी व्हिडिओ स्ट्रीमिंगवरच्या २०१७ च्या एका पेपरात येऊन पोचले, नाव पेन्सिव्ह. तिथून पुढे जे वाचत सुटले त्यात माझे तीन दिवस गेले, पण नेटवर्किंग आणि मशीन लर्निंग एकत्र करणाऱ्या पीएचडीवाल्यांनी एकदा तरी नीट बघावं असं हे प्रकरण आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी थोडं बॅकग्राउंड, ज्यांना माहितेय त्यांनी पुढे सरका. मोबाईलवर मॅच बघताना चित्र मधेच धुरकट होतं आणि परत स्वच्छ होतं ना, ते काही नेटवर्क करत नाही, त्यामागे एक प्रोग्राम बसलेला असतो. व्हिडिओ सर्व्हरवर दोन-चार सेकंदांचे तुकडे करून ठेवलेला असतो, प्रत्येक तुकड्याच्या हलक्या-जड अशा बऱ्याच कॉप्या, आणि पुढचा तुकडा कुठल्या क्वालिटीचा पाठवायचा हे दर वेळी नव्याने ठरवावं लागतं. याला एबीआर म्हणतात, अ‍ॅडाप्टिव्ह बिटरेट. हाव केली तर गोल चक्र फिरत बसतं, फार घाबरून राहिलं तर नेट चांगलं असूनही बॅट्समनचं तोंड ओळखू येत नाही.

हे ठरवायची सगळ्यात साधी पद्धत म्हणजे बफर बघणं. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते बघून आपण शॉवर लावायचा का बादलीत भागवायचं ते ठरवतो, नगरपालिका उद्या किती वाजता पाणी सोडेल याचा अंदाज बांधत बसत नाही, तसंच. प्लेयरमध्ये आधीच उतरवून ठेवलेला व्हिडिओ भरपूर असेल तर जड तुकडा मागवा, तळ दिसायला लागला तर हलका. या कल्पनेवरचा पेपर २०१४ चा, सिगकॉम या नेटवर्किंगच्या कॉन्फरन्समधला, टे-युआन हुआंग आणि मंडळींचा, त्या तेव्हा स्टॅनफर्डला पीएचडी करत होत्या आणि प्रयोग थेट नेटफ्लिक्सवर झाले होते, व्हिडिओ अडकण्याचं प्रमाण नेटफ्लिक्सच्या तेव्हाच्या पद्धतीपेक्षा १० ते २० टक्क्यांनी कमी झालं होतं. याला बीबीए म्हणतात, म्हणजे बफर बघून चालणारा, नाव लक्षात ठेवा, हा गरीब बिचारा अल्गोरिदम पुढे सगळ्यांना घाम फोडणार आहे.

आता पेन्सिव्ह. एमआयटीमधला पीएचडी विद्यार्थी हाँगझी माओ, सोबत रवी नेत्रावली आणि मोहम्मद अलीझादे. त्यांचं म्हणणं असं की हे नियम माणसाने हाताने का लिहायचे, रीइन्फोर्समेंट लर्निंगला शिकू द्या ना. न्यूरल नेटवर्कला मागच्या ८ तुकड्यांचा स्पीड, ते उतरायला लागलेला वेळ, पुढच्या तुकड्याच्या सगळ्या कॉप्यांची साइज, बफर, हे सगळं द्यायचं आणि त्याने क्वालिटी निवडायची, चित्र चांगलं तर बक्षीस, अडकलं तर दंड, क्वालिटी सारखी वरखाली केली तरी दंड. खऱ्या नेटवर्कवर हे शिकवायला बसलं तर जन्म जाईल म्हणून त्यांनी सिम्युलेटर लिहिला, ज्यात १०० तासांचं व्हिडिओ डाउनलोडिंग १० मिनिटांत अनुभवून होतं. नेटवर्क कसं वागतं याचे नमुने, म्हणजे ट्रेस, घेतले अमेरिकेच्या एफसीसीच्या, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाच्या, ब्रॉडबँड डेटामधून आणि नॉर्वेमध्ये बस-ट्रेनमधून फिरताना मोजलेल्या थ्रीजी डेटामधून, आणि त्यातलेही सरासरी स्पीड ६ एमबीपीएसच्या आतले तेवढेच ठेवले. हे करण्यात काही लबाडी नव्हती हं, नेट खूप फास्ट असेल तर सगळेच अल्गोरिदम सगळ्यात जड तुकडा मागवणार, मग तुलना कसली करणार. आणि टेस्टिंगच्या वेळी क्लायंट-सर्व्हरमध्ये ते सुप्रसिद्ध ८० मिलिसेकंद.

निकाल जबरदस्त आले, तेव्हाच्या उत्तम पद्धतींपेक्षा सरासरी १२ ते २५ टक्के सरस. पेपर गाजला, कोड उघडा ठेवलेला, त्यामुळे पुढची कित्येक वर्षं दर दुसऱ्या पेपरमध्ये पेन्सिव्हशी तुलना दिसायला लागली. माझ्यासारख्या लोकांनी सिम्युलेटर कॉपी केला तो तिथूनच, आणि ८० पण आपोआप सोबत आले.

आता या प्रकरणाचा खरा नायक. स्टॅनफर्डमध्ये फ्रान्सिस यान म्हणून पीएचडी विद्यार्थी होता, गाईड कीथ विन्स्टीन आणि फिलिप लेव्हिस. याच्या नावावर आधीच पॅन्थिऑन नावाचं काम होतं, २०१८ चं, ज्यात कंजेशन कंट्रोलचे, म्हणजे नेटवर्क तुंबू नये म्हणून पाठवायचा वेग ठरवणारे, अल्गोरिदम वेगवेगळ्या देशांतल्या खऱ्या लिंक्सवर चालवून बघायची सोय केली होती, त्यातला एक नोड आपल्या दिल्लीतही होता. म्हणजे सिम्युलेटरवर विसंबून न राहता बाहेर जाऊन बघायची सवय आधीपासूनच. त्याने एबीआरला तोच प्रश्न लावला, हे सगळे शिकलेले अल्गोरिदम खऱ्या माणसांच्या घरी चालतात का?

पण खरी माणसं आणायची कुठून? इथेच बहुतेक पीएचड्या अडतात, आपण काही नेटफ्लिक्स नाही, आपल्याकडे युजर नाहीत, कंपनीत इंटर्नशिप मिळाली तर मिळाली, आणि तिथला डेटा बाहेर सांगता येत नाही. या लोकांनी सरळ स्वतःची टीव्ही सर्व्हिसच सुरू केली. अँटेना लावला, सॅन फ्रान्सिस्को परिसरात हवेतून फुकट मिळणारी ६ चॅनेल पकडली आणि अमेरिकेतल्या कुणालाही ब्राउझरमध्ये फुकट बघायला दिली. नाव ठेवलं पफर. जानेवारी २०१९ ला चालू झालं.

हे वाचायला सोपं वाटतं पण एकदा विचार करून बघा की यात काय काय आलं. ६ चॅनेल, प्रत्येकाच्या १० क्वालिटी, २४०पी पासून १०८०पी पर्यंत, म्हणजे एका वेळी ६० स्ट्रीम लाइव्ह एन्कोड करायच्या, आणि एवढ्यानेच ४८ कोअरचा अख्खा सर्व्हर भरून जायचा. प्रत्येक तुकडा २.००२ सेकंदांचा. हे ०.००२ काय भानगड आहे म्हणून मी थांबले, तर ती अमेरिकन टीव्हीच्या एनटीएससी फ्रेम रेटची जुनी खोड आहे, तिथे सेकंदाला ३० फ्रेम नसून ३० भागिले १.००१ इतक्या असतात, आणि टीव्हीचा सिग्नल तसाच येतो म्हटल्यावर तुकडेही तसेच पाडावे लागतात. सिम्युलेटरमध्ये बसून असलं काही आयुष्यात भेटत नाही. मग सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची फायनल, असला की नेहमीच्या वीसपटीहून जास्त लोक एकदम यायचे, आणि सर्व्हर पडला तर दुरुस्त करणारे हेच. पीएचडी विद्यार्थी म्हणजे एका बाजूला केबलवाला, एका बाजूला संशोधक. (आमच्या लॅबमध्ये प्रिंटर बिघडला तरी महिनाभर कुणी बघत नाही ते सोडा.)

आणि प्रयोग कसा केला, तर औषधाच्या चाचणीसारखा. माणूस आला की चिठ्ठी काढल्यासारखा त्याला पाचपैकी एक अल्गोरिदम मिळणार, कुठला मिळालाय हे त्याला कळणार नाही. पाचजण कोण, तर आपला बीबीए, पेन्सिव्ह, मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोल म्हणजे एमपीसी (पुढच्या काही तुकड्यांचा अंदाज बांधून ठरवणारा), त्याचाच जरा भित्रा भाऊ रोबस्ट एमपीसी, आणि यान मंडळींचा स्वतःचा फुगू. फुगू म्हणजे पफर माशाचंच जपानी नाव, आपल्या कोकणात केंड म्हणतात तोच, छेडला की टम्म फुगणारा. पेन्सिव्हच्या बाबतीत हे लोक नीट वागले असं मला वाटतं, मूळ लेखकांशी बोलून, त्यांच्या सल्ल्याने मॉडेल नव्याने ट्रेन करून मगच मैदानात उतरवलं, नाहीतर दुसऱ्याचा कोड जसातसा चालवून "बघा, हरला" म्हणणारे पेपर कमी नाहीत.

पेपर आला एनएसडीआय या कॉन्फरन्समध्ये, २०२० ला. तोपर्यंत ६३,५०८ लोकांना मिळून ३८.६ वर्षांचा व्हिडिओ दाखवून झाला होता. निकाल असा की बीबीए, तो टाकीत डोकावणारा साधा अल्गोरिदम, त्याला हरवणं भल्याभल्यांना जड गेलं. अडकण्यात गेलेला वेळ बीबीएचा ०.१९ टक्के, पेन्सिव्हचा ०.१७, म्हणजे पेन्सिव्ह किंचित बरा दिसतो, पण चित्राची क्वालिटी एसएसआयएममध्ये (चित्र मूळ चित्राशी किती जुळतं याचं माप, जास्त तितकं चांगलं) मोजली तर बीबीए १६.५६ डेसिबल आणि पेन्सिव्ह १६.२६. रोबस्ट एमपीसी सगळ्यात कमी अडकला, ०.१२ टक्के, पण चित्र सगळ्यात वाईट, १६.०१, म्हणजे घाबरून बादलीतच आंघोळ करत राहिला. इथे पेन्सिव्हच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, तो बिटरेट वाढवायला शिकलेला होता, एसएसआयएम वाढवायला नाही, म्हणजे मुलाला गणित शिकवलं आणि परीक्षा भूगोलाची घेतली असं थोडंफार झालंच, आणि हे पेपरवाल्यांनी लपवलेलं नाही.

पण मला सगळ्यात जास्त हादरवलं ते या आकड्यांनी नाही तर त्यांच्या आजूबाजूच्या अनिश्चिततेने. ६ लाख ३७ हजार स्ट्रीम तपासल्या त्यातल्या जेमतेम ४ टक्के स्ट्रीममध्ये एकदा तरी व्हिडिओ अडकला होता. उरलेल्या ९६ टक्क्यांत अल्गोरिदम कुठलाही असता तरी अडकण्याच्या बाबतीत फरक दिसलाच नसता. आणि त्या ४ टक्क्यांतही काहींचं नेट इतकं भयानक की सगळं गणित तेच ओढून नेतात, शिवाय कुणी दोन मिनिटं बघून जातो तर कुणी टीव्ही लावून झोपतो. त्यामुळे दोन अल्गोरिदममध्ये खरोखर १५ टक्के फरक असेल तरी तो खात्रीने दिसायला प्रत्येकाचा साधारण २ वर्षांचा व्हिडिओ लागतो असा त्यांचा हिशोब निघाला. २ वर्षं! आणि आम्ही काय करतो, तर शंभरेक ट्रेसवर चालवून ८ टक्के सुधारणा म्हणून ठळक अक्षरात टेबलमध्ये टाकतो. माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये ११ टक्के होते, मी ते ठळक केले होते, त्या दिवशी रात्री गुपचूप बारीक केले.

मग फुगूचं काय? हे नीट बघण्यासारखं आहे कारण इथे मशीन लर्निंग सोडून दिलेलं नाही, फक्त त्याला दिलेलं काम छोटं केलंय. पेन्सिव्हमध्ये न्यूरल नेटवर्क डायरेक्ट निर्णय घेतं. फुगूमध्ये त्याला एवढंच विचारतात की एवढ्या साइजचा तुकडा आत्ता पाठवला तर पोचायला किती वेळ लागेल? आणि उत्तर एका आकड्यात नाही मागत, वेळेचे २१ कप्पे करून प्रत्येक कप्प्याची शक्यता किती ते मागतात. पाव सेकंदाच्या आत पोचेल याची एवढी शक्यता, त्यापुढच्या अर्ध्या सेकंदात एवढी, असं करत शेवटचा कप्पा पावणेदहा सेकंदांच्या वर. निर्णय मात्र जुनाच एमपीसी घेतो, पुढच्या ५ तुकड्यांचा विचार करून. म्हणजे हवामान खात्याने पावसाची शक्यता सांगायची, पेरणी कधी करायची ते शेतकऱ्याने ठरवायचं.

यात दोन बारकावे आहेत जे मी पहिल्यांदा वाचताना सरळ ओलांडून गेले होते. पहिला हा की प्रश्नात साइज आहे. बाकीचे अल्गोरिदम म्हणतात मागच्या तुकड्याला ३ एमबीपीएस मिळाले ना मग पुढच्यालाही साधारण तेवढेच धरू आणि साइजला स्पीडने भागू. पण टीसीपी, म्हणजे इंटरनेटवर डेटा पोचवणारा प्रोटोकॉल, तसा वागत नाही, छोटा तुकडा असेल तर कनेक्शनने वेग पकडायच्या आत तो संपतो, त्यामुळे छोट्या तुकड्यावरून मोजलेला स्पीड कमी दिसतो आणि मोठ्यावरून जास्त. स्पीड म्हणजे लिंकचा गुणधर्म असं आपण धरून चालतो, तर त्यात आपण काय पाठवलं तेही मिसळलेलं असतं. दुसरा बारकावा, फुगू सर्व्हरवर बसतो म्हणून त्याला टीसीपीच्या पोटातले आकडे थेट दिसतात, कंजेशन विंडो किती (म्हणजे पोच यायच्या आधी किती डेटा पाठवून ठेवता येतो), वाटेत किती पॅकेट, सगळ्यात कमी आरटीटी किती, त्यामुळे अगदी पहिला तुकडा पाठवतानाही त्याच्याकडे काहीतरी माहिती असते, बाकीचे तेव्हा चाचपडत असतात.

आणि ट्रेनिंग सिम्युलेटरमध्ये नाही तर तिथल्या तिथे, पफरवर रोज येणाऱ्या खऱ्या डेटावर. आज अमुक वेळ लागेल म्हटलं, दोन सेकंदांत खरं-खोटं कळतं, त्या उत्तरांवर शिकायचं. साधं सुपरवाइज्ड लर्निंग, ६४-६४ न्यूरॉनचे दोन थर, याहून छोटं मॉडेल तर आमच्या बीईच्या पोरांच्या प्रोजेक्टमध्ये पण नसतं. फुगूला मिळाले ०.१३ टक्के आणि १६.६४ डेसिबल, म्हणजे अडकण्यात भित्र्या रोबस्ट एमपीसीच्या तोडीचा आणि चित्रात सगळ्यांच्या पुढे. फुगू वाट्याला आलेले लोक ५ ते ९ टक्के जास्त वेळ टीव्ही बघत राहिले, आपल्याला काय लागलंय हे माहीत नसताना.

आता यावर कुणीही म्हणेल की तुमचं मॉडेलच चांगलं होतं, त्यात जागेवर शिकण्याचं काय मोठं? तर त्यांनी तेही केलं. हाच फुगू, हेच नेटवर्क, पण माहीमाही नावाच्या इम्युलेटरमध्ये, म्हणजे लॅबमध्येच खऱ्या नेटवर्कची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, एफसीसीच्या ट्रेसवर ट्रेन केला आणि पफरवर सोडला. पार आपटला, अडकण्याचं प्रमाण जागेवर शिकलेल्या फुगूच्या मानाने फारच वाईट. यातली गंमत अशी की माहीमाही बनवणाऱ्यांच्या यादीत पेन्सिव्हवाले रवी नेत्रावलीही आहेत आणि यानचे गाईड विन्स्टीनही आहेत. म्हणजे स्वतःच्याच जुन्या अवजारातली त्रुटी स्वतःच्या विद्यार्थ्याच्या पेपरात छापायची, याला जरा हिंमत लागते. आमच्याकडे गाईडच्या जुन्या पेपरचा ग्राफ जुळला नाही तर पोरं आठवडाभर स्वतःचाच कोड तपासत बसतात.

आणखी एक गोष्ट त्यांच्या स्वतःच्या विरोधात गेली आणि तीही त्यांनी लिहिली. फुगू रोज नव्याने ट्रेन व्हायचा, मागच्या १४ दिवसांच्या डेटावर, आणि ही रोजची ट्रेनिंग म्हणजे जणू सिस्टिमचा प्राण असं वाटेल. पण फेब्रुवारीतलं शिळं मॉडेल ऑगस्टमध्ये चालवून बघितलं तर ताज्यात आणि शिळ्यात म्हणावा असा फरकच दिसेना. म्हणजे रोज शिकण्याला तेवढं महत्त्व नव्हतं, जिथे चालायचंय तिथे शिकण्याला होतं. मी असते तर हा पॅराग्राफ अपेंडिक्सच्याही मागे कुठेतरी ढकलला असता, खरं सांगते.

म्हणून पेन्सिव्ह फसला असं मात्र कुणी म्हणू नका, मी लॅबमध्ये हे सांगितलं तेव्हा एकाने लगेच तसा निष्कर्ष काढला. माओ आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये याच दिशेचं काम फेसबुकच्या वेब व्हिडिओवर चालवलं, आठवडाभर, जगभर, ३ कोटींहून जास्त व्हिडिओ सेशन्स, आणि तिथे आधीच्या हाताने बनवलेल्या पद्धतींपेक्षा ते सरस ठरलं. तिथे कंपनीचा स्वतःचा डेटा होता, हे विसरू नका. शिवाय पेन्सिव्ह नसता तर पफरला तपासायला होतंच काय?

यान पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चला गेला आणि नंतर प्रोफेसर झाला. पफरचा डेटा सगळ्यांसाठी खुला ठेवला होता, कुणालाही आपला अल्गोरिदम तिथे टाकून बघता यायचा. आणि त्याच डेटावर २०२३ च्या एनएसडीआयमध्ये कॉझलसिम नावाचं काम आलं, लेखकांमध्ये पेन्सिव्हवाले अलीझादेही आहेत. त्यांचा मुद्दा नेमका तोच, साइजवाला. रेकॉर्ड केलेल्या ट्रेसमध्ये तेव्हा चालू असलेल्या अल्गोरिदमचे ठसे असतात, दुसरा अल्गोरिदम असता तर ट्रेसच वेगळा आला असता, त्यामुळे ट्रेस जसाच्या तसा परत वाजवणारा सिम्युलेटर मुळातच एका बाजूला झुकलेला असतो. तो झुकाव कसा काढायचा तर पफरसारख्या चिठ्ठ्या टाकून केलेल्या प्रयोगाच्या डेटातून, कारण तिथे कुणाला कुठला अल्गोरिदम मिळाला हे निव्वळ नशिबावर असतं.

हे सगळं घेऊन मी परत मॅडमकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, चहा संपवला आणि म्हणाल्या, "बरं, मग आपल्या हॉस्टेलच्या वायफायवर आरटीटी किती येतो ते तरी मोजलंस का?" मोजला नव्हता. आता दोन आठवडे झाले, चार मजल्यांवर चार रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढे कॉम्प्युटर, लावलेत, तिसऱ्या मजल्यावरचा कुणीतरी रोज रात्री प्लग काढून मोबाईल चार्जिंगला लावतो. बाकीच्या तिन्हींचा डेटा आलाय, रात्री अकरानंतरचा आरटीटी बघितला आणि कॉन्फिगमधली ती ओळ खोडली, तिच्या जागी काय लिहायचं ते अजून ठरत नाहीये कारण तो एक आकडा नाहीये, दर दहा मिनिटांनी वेगळाच असतो.